पास म्हटलेली बरणी

जबाब देणारी : विमानात तेल भरणाऱ्याची बायको. वय २२. काम धावपट्टीवरच्या शेडची झाडलोट. शिक्षण नाही. राहणार शेडमागची खोली.

मी समक्ष येऊन सांगते की, बरणी आपणच बघितली असं माझ्या नवऱ्याने तुम्हाला सांगितलंय. ते खोटं आहे. बरणी मी बघितली.

विमान लहान, दोन माणसांचं. तेल भरलं की पंखाखालच्या नळीतून थोडं काचेच्या बरणीत काढतात. पाणी असलं तर ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. ह्यांनी मला शिकवलेलं, "रेघ दिसली की बोंब मार. नाही दिसली तर ओतून दे." मला वाचता येत नाही, पण रेघ कळते.

आज सकाळी सात वाजता ह्यांनी पिंपातून तेल भरलं. रात्री पाऊस झालेला, पिंप उघड्यावर होतं. हे वहीत लिहायला आत गेले. पोर माझ्या कडेवर, आठ महिन्यांचं. मी बरणी भरली आणि आभाळाकडे धरली. तेल फिकट निळं असतं. निळंच दिसलं. रेघ नव्हती.

विमान चालवायला शिकवणारे मास्तर शिकाऊ मुलीला घेऊन चढत होते. म्हणाले, "काय वहिनी, पास की नापास?" मी म्हटलं, "पास, मास्तर. पहिला नंबर." ते हसले. पोराचा गाल ओढला.

विमान झाडांच्या वर गेलं आणि आवाज बंद झाला. एकदम. मग ते कुंपणापलीकडे पडलं. मुलीचा पाय मोडला. मास्तर गेले.

बरणी मी शेडच्या पायरीवर ओतली होती. तेल तिथं टिकत नाही, बघता बघता उडून जातं. नऊ वाजता तुमच्या शिपायाबरोबर निघाले तेव्हा ओतलं तेवढी पायरी ओलीच होती. वासही नव्हता. अख्खी बरणीच पाण्याची, रेघ कुठून दिसणार? निळं होतं ते आभाळ.

हे मला बाहेर म्हणाले, "तू तोंड उघडू नकोस, पोर अंगावर पितंय." म्हणून ते खोटं बोलले. त्यांना सोडा. मला आत ठेवणार असाल तर पोर माझ्याजवळ राहू द्या. त्याला वरचं दूध अजून चालत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. साहेबांनी 'पास'च्या जागी 'ठीक आहे' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी 'पास'च म्हटलं होतं. बाकी सांगितलं तसंच आहे. डावा अंगठा दिला.