भिंतीपलीकडून शिकलेली कटर मशीन

माझं माहेर चोपड्याकडचं, अन् वडील गावचे सुतार, म्हणजे वखर, पाभर, गाडीचं जू, बठ्ठं त्यांच्या हातचं, आम्ही बहिणी त्या ढलप्यांतच खेळून मोठ्या झालो, पण हत्याराला हात लावायचा नाही, पोरीच्या जातीनं लाकूड तासायचा वाकस ओलांडायचासुद्धा नाही. ढलप्या गोळा करून चुलीला न्यायच्या, तेवढाच आमचा त्या लाकडाशी संबंध. मला मात्र सागाचा वास फार आवडायचा ताई, मी वडिलांच्या मागं जाऊन उभी राहायची, अन् आई आतून ओरडायची, चल भाकरी टाक, तिथं तुझं काय काम शे. काम काहीच नव्हतं, बघायचं होतं.

मग लग्न होऊन इथं पाचोऱ्याला आले, सुताराच्याच घरी. आमच्या यांना सगळे नाना म्हणतात, मीही आता नानाच म्हणते, वय झालं. नानांचं काम दारं-खिडक्यांचं, चौकटींचं, अन् गावात पहिली कटर मशीन त्यांनी बसवली असं ते सांगतात, खरंखोटं मला माहीत नाही, मोटर धुळ्याहून आणली अन् टेबल स्वतः बांधलं. तुम्ही पाहिली नसेल म्हणून सांगते, लोखंडी टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं, ते फिरतं जाग्यावर, अन् लाकूड आपण त्याच्याकडे ढकलायचं. पात्यावर एक झाकण असतं, हात वरून पडू नये म्हणून. झाकण होतं हो आमच्याकडे, नव्हतं असं नाही.

पण आमच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, पात्याला हळद-कुंकू लावायचं, अन् देवाला झाकून पूजा होत नाही म्हणून झाकण काढायचं. काढलेलं झाकण खुंटीला टांगायचं अन् झेंडूचा हार त्यालाच घालायचा. तो हार दिवाळीपर्यंत उतरवायचा नाही, हे सासऱ्यांच्या वेळपासून चालत आलेलं, तेव्हा तर मशीनही नव्हती, करवतीला हार असायचा. मग काय, झाकण बसलं देव होऊन खुंटीवर, अन् मशीन उघडी चालायची. दिवाळीच्या तोंडावर लोकांना दारं घाईनं पाहिजे असतात. पात्याशेजारी लाकडाचं एक चिपाट अडकलं, नानांनी बटण बंद केलं होतं, पण पातं फिरतच होतं, अन् यांनी ते हातानं झटकलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली ताई. हार खुंटीवर ताजाच होता.

त्यानंतर नानांनी मशीनवर ताडपत्री टाकली अन् त्या खोलीत पाय ठेवला नाही. डाव्या हातानं पॉलिशचं काम करायचे, किरकोळ दुरुस्ती करायचे, पण लाकूड कापायला दुसऱ्याच्या दुकानात न्यावं लागायचं, अन् तिथं यांना बाकड्यावर बसवून ठेवायचे, आधी आमचं होऊ द्या नाना म्हणून. ज्या माणसानं गावाला मशीन दाखवली तो बाकड्यावर बसलेला. मी एकदा डबा घेऊन गेले अन् ते बघितलं, अन् घरी येऊन म्हटलं, मी कापते. नाना जेवले अन् झोपले. सकाळी उठून बघते तर बाहेरच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं एक काठी तासत होते, पुढं खाच असलेली, म्हणाले, ही ढकलकाठी, लाकूड सरत आलं की हिच्यानं ढकलायचं, बोटानं नाही.

शिकवलं कुठं माहीत आहे का, स्वयंपाकघरात. विळी पुढ्यात घेतली अन् म्हणाले, विळीवर तू बसते तेव्हा पातं उभं अन् तुझा हात त्याच्याकडे जातो, ती सवय इथं सोड, इथं हाताचा रस्ता वेगळा, पात्याच्या वाटेत हात न्यायचाच नाही. पोळपाट पुढं ठेवून लाटण्याची आडपट्टी केली, मशीनवर लाकूड टेकवायला असते तशी, अन् भाकरीच्या पिठाचा गोळा त्या पट्टीला चिकटवून सरकवायला लावला, म्हणाले, लाकूड असं पट्टीला धरून जायला पाहिजे, तिरपं झालं की पातं चिमटतं अन् लाकूड उलटं फेकतं, म्हणून सरळ मागं उभी राहू नको, बाजूले उभी ऱ्हाय. पातं लाकडाच्या वर जरासंच डोकवेल एवढं ठेव, उगीच उंच करू नको. पदर खोचायचा अन् बांगड्या काढून ठेवायच्या. त्यावर सासूबाई चिडल्या, नवरा जिवंत असून हात मोकळे करते का म्हणून. नाना म्हणाले, माय, माझी बोटं गेली तवा तिच्या हातात बांगड्याच होत्या ना. बांगड्या मी उतरवून कोनाड्यात ठेवल्या.

पण मशीनपाशी नाना आले नाहीत. ताडपत्री मीच काढली, झाकण मीच पुसून बसवलं, अन् ते भिंतीपलीकडं ओट्यावर बसले. काय सांगू तुम्हाला, माझ्यानं बटण दाबवेना. मग बाहेरून आवाज आला, दाब. दाबलं. अन् तिथून पुढं सगळं शिक्षण भिंतीपलीकडून. ते आवाजावरून ओळखायचे. मोटर जड झाली की ओरडायचे, घाई करी राहिनी तू, लाकडाले दम घेऊ दे. आवाज किरकिरला की म्हणायचे, तिरपं चालनं, बंद कर. मी बंद करायची अन् बघायची तर खरंच तिरपं. चिपाट अडकलं की मी बटण बंद करून हात मागं बांधून उभी राहायची, पातं पुरतं थांबेपर्यंत, अन् तेही बाहेर गप्प असायचे, आम्ही दोघं वाट बघायचो. भीती हळूहळू गेली. पाट केले, चौरंग केले, देव्हारे केले, आता लग्नसराईत बाया मलाच विचारत येतात. दसऱ्याला कुंकू झाकणालाच लावते, झाकण काढत नाही, देव काही रागावला नाही.

एकच होतं मनात, की नानांनी एकदा आत यावं अन् माझ्या शेजारी उभं राहावं. मी कशी कापते ते बघावं. मी म्हणायची, या ना, बंद असताना तरी या. ते म्हणायचे, देवळात येईन, स्मशानात येईन, तिथं नको म्हणू.

मग त्यांचं ओरडणं कमी झालं. आधी दिवसातून दहा वेळा हाका, मग चार-दोन, मग एकही नाही. मला काय वाटलं असेल सांगा. मला वाटलं, मी शिकले, आता चुकत नाही म्हणून बोलत नाहीत. मी तर मनातून फुगले होते ताई, लेकीला धुळ्याला फोन करून सांगितलं, तुझे वडील आता माझी चूक काढत नाहीत. अन् एक दिवस बाभळीची फळी अडकली, मशीन किंचाळली, लाकूड जळून धूर झाला, मी बंद करून बाहेर पळाले, अन् नाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, निवांत. माझ्याकडं बघून म्हणाले, आज मशीन चालू नही करस का?

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन लेकीकडे गेले. धुळ्याला डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर मशीनच्या आवाजात राहिले, कानात बोळा नाही, काही नाही, कान गेले, आता येणार नाहीत. कानात घालायचं यंत्र दिलं, ते डबीत पडून आहे, नाना म्हणतात एका मशीननं पोट भरलं माझं. बोटांचं आम्हाला कळलं, त्याचा सगळ्यांनी धडा घेतला, पण कान रोज थोडे थोडे जात होते, घरात ते नुसती मान डोलवायचे अन् भागून जायचं, अन् मी ते शाबासकी समजत होते. याचं वाईट वाटतं. मी आता कानात बोळे घालते, पण कशाचं काय, ज्याचं ऐकायचं तोच बोलायचा थांबला.

अन् मागच्या महिन्यात नाना आत आले. मी चौरंगाची फळी कापत होते, निम्म्यात होते, अन् टेबलावर सावली पडली. त्यांना आवाज नाही म्हणजे मशीन बंद असंच वाटलं. इतक्या वर्षांनी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, फळीकडं बघून म्हणाले, सरळ कापस तू, अन् हात पुढं केला, फळीवरून फिरवायला, तोच हात. मी गुडघ्यानं बटण दाबलं अन् खांद्यानं त्यांना जोरात ढकललं, ते भिंतीवर जाऊन आदळले. पातं फिरत होतं अजून. मी ओरडले, बाहेर व्हा. ओरडणं त्यांना ऐकू गेलं नाही, पण माझं तोंड दिसलं. मग पातं दिसलं. ते बाहेर गेले अन् मी तिथंच रडत बसले, ज्याची एवढी वर्षं वाट बघितली त्याला मीच हाकललं.

रात्री जेवताना त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, राग नव्हता माझा. ते म्हणाले, माले समजनं, बरं करं तू, ढकललं ते. जेवले, ताट सरकवलं.

चालायचंच. ते आहेत, डोळ्यासमोर आहेत, देवानं तेवढं ठेवावं. सकाळी मी त्यांना ओट्यावर चहा देते, ते मला हातानं खूण करतात, जा कामाला. मग मी आत जाते, बांगड्या काढते, पदर खोचते, आतून कडी लावते अन् मग बटण दाबते.