मीनलच्या फॉर्मातली एवढीशी चौकट

…नाही, पण मी म्हणतो चौकट एवढीशी का! मेडिकलचा फॉर्म, पोरीच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न, आणि समाजसेवेसकट सगळं लिहायला एकच चौकट, तीही एवढीशी! तुम्हाला सांगतो, आमच्या लंडनमधल्या पिनरच्या घरात या सप्टेंबरात जेवढी भांडणं झाली तेवढी अख्ख्या संसारात नाही झाली.

मी सोफ्यावर, पाय प्लास्टरमध्ये, कारण ऑगस्टात महाराष्ट्र मंडळाच्या क्रिकेटमध्ये नसलेली धाव काढायला गेलो… आणि हो, हाडांचा डॉक्टर आहे मी, हसून घ्या! तर तिथूनच ओरडतोय, ‘मीनल, चहा! मीनल, फाइल! मीनल, काळं पेन!’ कारण सकाळीच इल्फर्डच्या रेखाचा फोन, ‘अहो भावजी, आमच्या अतुलच्या मेडिकलच्या फॉर्मात ना, सात अॅक्टिव्हिटीज झाल्या… मीनलच्या किती?’ किती? भोचक कुठली! दहा करून दाखवतो म्हटलं!

गणपतीत चारशे लोकांना मसालेभात वाढला, लिही! दिवाळीला हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, लिही! मंडळाच्या मराठी वर्गात पोरांना बाराखडी शिकवली, लिही! तिला स्वतःला ‘ळ’ म्हणता येत नाही, ते सोडा! प्रत्येकाचं मंडळाच्या अध्यक्षांकडून सर्टिफिकेट आणवलं, शिक्क्यासकट, फोटोकॉपी काढल्या, प्रत्येकीवर ‘ट्रू कॉपी’ म्हणून मीच सही ठोकली आणि फॉर्मला स्टेपल केल्या. मावत नाही ना? जोडा!

तर शाळेतल्या करिअरवाल्या बाईंनी एकेक पिन उपटली हो! वर मला फोन, ‘डॉक्टर, व्हॉट डिड शी लर्न फ्रॉम द चेअर्स?’ अहो, खुर्च्यांकडून काय शिकायचं? बसायला? ‘जस्ट चूज वन,’ म्हणे. एकच! का? तर चौकट एवढीशी!

मीनल म्हणाली, ‘बाबा, हा माझा फॉर्म आहे. मीच लिहिते.’ लिहिला आणि मला न दाखवता परस्पर दिला! पुन्हा बाईंचा फोन, ‘मार्व्हलस!’ कॉपी मागवून वाचतो तर काय… ‘सध्या मी घरी एका अवघड पेशंटची काळजी घेते. तो स्वतः डॉक्टर आहे, त्यामुळे कुणाचंच ऐकत नाही…’ घ्या! वीस वर्षं या देशाची हाडं जोडली, आणि शेवटी मी कोण, तर पोरीची समाजसेवा? लागलं हो मनाला! तणतणत पुढे वाचलं. ‘दुखतंय असं तो कधीच सांगत नाही. चहासाठी ओरडला, की मी आधी त्याच्या पायाखालची उशी नीट करते.’

…पायाखाली चाचपून पाहिलं, तर उशी नीटच होती.

बरं, गेल्या गुरुवारी प्लास्टर निघालं. ठणठणीत चालतोय. तर आमची सत्यवचनी कन्या म्हणते, ‘बाबा, फॉर्ममध्ये “सध्या” लिहिलंय, इंटरव्ह्यूत मला खोटं नाही बोलायचं.’ म्हणून हा हाडांचा डॉक्टर डिसेंबरातल्या इंटरव्ह्यूपर्यंत घरात लंगडतोय आणि सोफ्यावरून चहासाठी ओरडतोय! करता काय? चौकट एवढीशी… दहाच्या दहा बाहेर, आणि तिच्यात मावलो तो मी एकटाच!