श्रावणातच पिकलेली भांग

नाव ढालेराम, वडिलांचे नाव मंगरू, वय सत्तरच्या पुढे, नक्की ठाऊक नाही. धंदा शेती, तसेच भांगेच्या वाखाचे पूले, म्हणजे देवळात चालणारे जोडे, वळणे. राहणार शिल्हाधार, जिल्हा कुल्लू.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील गावी मी, माझा मुलगा लोतम आणि एक गाय असे राहतो. लोतमला परवा सकाळी ठाण्यात आणले आहे. आमच्या माळ्यावर उलटी टांगलेली भांगेची झाडे सापडली, ती माझी आहेत. लोतमचा त्यात हात नाही.

बी कोठून आले असे विचारले. एक परदेशी पाहुणा ठेवून गेला. जेठ लागण्याआधी मी ते ओल्या फडक्यात ठेवले. मोड आल्यावर घरामागे उन्हात, तेलाच्या डब्यांत एकेक लावले. पाणी बेताने घातले. रोपे वीतभर झाल्यावर आमच्या रीतीप्रमाणे दोन उपटून शेतात लावली. ती तिथेच खुरटली.

आमची भांग पुरुषभर वाढते आणि आश्विनात, दिवस लहान झाले की फुलते. ही गुडघ्याएवढी असतानाच आषाढात फुलली. मी बोट लावून पाहत होतो, तर लोतम ओरडला, "बापू, आता आणखी उपटू नकोस! हे ऑटो आहे."

मी म्हटले, "ऑटो? इथं खेचर धापा टाकत चढतं, ऑटो कुठून येणार?"

तो हसला. म्हणाला, "हे ऋतू बघत नाही, आपलं वय बघतं. वय झालं की आपोआप फुलतं."

मी म्हटले, "तुझी तिशी उलटली, तू कधी फुलणार?"

हे बोलणे लिहू नये असे मी जबाब लिहिणाऱ्या मुन्शीजींना सांगितले. तोवर लिहून झाले होते.

श्रावणात फुलांचे पांढरे केस तपकिरी झाले, तेव्हा झाडे कापून माळ्यावर टांगली. गावातल्या भांगेला अजून कळीही नव्हती. त्याच आठवड्यात आमची गाय आटली. माझा डोळा लागेना. भाद्रपद लागतो त्या संक्रांतीला देवतेच्या अंगणात गूरच्या, म्हणजे देवता ज्याच्या तोंडून बोलते त्या पुजाऱ्याच्या, अंगात आले, तेव्हा मी पुढे होऊन विचारले, "देवा, अवेळी फुललेलं घरात टांगलंय, त्याचा कोप झाला का?"

गूरने विचारले, "कोणी आणलं?"

मी म्हटले, "लोतमने."

देवतेपुढे दुसरे काही बोलता येत नाही. सगळे गाव तिथे बसले होते. त्यानंतर पोलीस आले.

ठाणेदार साहेब म्हणाले, "बाबा, तिथं लोतम म्हणालात, इथं मी म्हणता. खरं कुठलं?" मी सांगितले की, गायीच्या काळजीने तोंडून गेले. साहेबांनी विचारले, "बरं, डब्यांच्या बुडाला भोकं कशानं पाडलीत?" खिळ्याने पाडली असावीत.

साहेब म्हणाले, "असावीत?" मी म्हटले, खिळ्यानेच पाडली.

लोतमला गारठ्याने खोकला होतो. त्याची लोई, म्हणजे लोकरीची शाल, मी बरोबर आणली आहे, ती आत द्यावी. शेजाऱ्यांनी गायीला पाणी दाखवले की नाही कळत नाही. तिला लोतमच्या हाताची सवय आहे. तरी त्याला घरी सोडावे. मी इथे राहतो.

साहेबांनी देवतेची शपथ घेऊन सांगायला फर्मावले. मी म्हटले, "साहेब, सही घ्या, मला येते. देवतेला यात आणू नका."

हा मजकूर मुन्शीजींनी मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे.

ढालेराम