कमीत कमी तीनदा

...नाही, पण भिंतीवर लावायची काय गरज होती, मला एवढंच सांगा! पोरीनं वहीत लिहिलं, बाईंनी तपासलं, बरोबरची खूण केली, विषय संपला की नाही? पण नाही! वर्गाच्या भिंतीवर, दारातून आत पाऊल टाकलं की थेट नाकासमोर, चार टाचण्या मारून, वर गुलाबी कागदाची किनार लावून... माझी अब्रू! आणि पालकसभेला आलेले झाडून सगळे आईबाप हातात चहाचे कागदी कप घेऊन उभे, वाचतायत, फिदीफिदी हसतायत, आणि वाचून झालं की मागे वळून शोधतायत, की यातला बाप कोणता!

तुम्हाला सांगतो, मी सरळ माणूस. वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातला काटा असो नाहीतर दवाखान्यातला तान्ही बाळं मोजायचा, माझ्या हाताखालून गेला की एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. आकडा म्हणजे आकडा! आणि अशा माणसाच्या पोटी ही कन्या, आठवीतली, तिला इंग्रजीच्या बाई शिकवतात काय? तर कमीत कमी! क्रियापद झालं की पुढे ॲट लीस्ट टाकायचं, नाहीतर नो लेस दॅन, नाहीतर अ मिनिमम ऑफ, आणि मग आकडा. घरातल्या एका माणसावर अशी दहा वाक्यं लिहून आणा, म्हणे. आता घरात आमची ही आहे, सासूबाई आहेत, त्या तर दिवसभर आयते आकडे पुरवतात, किती गोळ्या, किती शिंका, किती वेळा चष्मा हरवला... पण पोरीनं निवडलं कोणाला? बापाला!

पहिलं वाक्य. 'माय फादर ड्रिंक्स ॲट लीस्ट सेव्हन कप्स ऑफ टी एव्हरी डे.' माझं इंग्रजी बेताचं. शेजारी एक दातांचे डॉक्टर उभे होते, त्यांच्या मुलाचाही कागद तिथंच होता, त्यांना विचारलं, "अहो, हे ॲट लीस्ट म्हणजे नक्की काय?" तर म्हणतात, "म्हणजे सातच्या खाली नाही. आठ असतील, दहा असतील, पंधराही असतील." आणि माझ्या दातांकडे बघतात!

अहो, नुसतं 'सात कप पितो' लिहिलं असतं तर चाललं असतं! सातशी माणूस भांडू शकतो. सात नाही, सहाच, हा बघ कप, केवढासा आहे! पण कमीत कमी सात? याच्याशी भांडायचं कसं? खालून पक्की भिंत आणि वरती छप्परच नाही! ज्याला जेवढं वाटेल तेवढं त्यानं रचावं!

पुढचं. 'माय फादर हॅज लॉस्ट अ मिनिमम ऑफ फाइव्ह अंब्रेलाज.' त्याच्या पुढचं. 'माय फादर स्पेंड्स नो लेस दॅन फॉर्टी मिनिट्स इन द बाथरूम.' हे एक बाई मोठ्यानं वाचत होत्या हो! वाचून नवऱ्याला कोपर मारलं! आणि मग ते आलं. 'माय फादर शाउट्स ॲट लीस्ट थ्री टाइम्स अ डे.'

मी ओरडतो? मी?? मी ओरडतो असं कोण म्हणतं, असा मी जो काही ओरडलो तिथे... दोन कप खाली पडले.

बाई आल्या. एवढ्याशा बाई, आवाज असा शांत की अजूनच डोकं फिरावं. "आकडा चुकीचा असेल तर सांगा ना," म्हणतात, "एखाद्या दिवशी जरी तीनच्या खाली आला, तर वाक्य चुकलं. मी लगेच कागद काढून टाकते." बघा! माझ्या धंद्यालाच हात घातला की हो! मी म्हटलं, ठरलं. आठवडाभर मोजतो आणि वही तुमच्या टेबलावर आणून आपटतो. कमीत कमी म्हणे!

घरी आलो, वही काढली, पट्टीनं रकाने आखले. चहा. ओरडणे. आता मोजणार कोण? मी मोजलं तर कोण विश्वास ठेवणार? त्रयस्थ माणूस पाहिजे. म्हणून पेन्सिल दिली सासूबाईंकडे... हसू नका! लग्न झाल्यापासून त्या याच दिवसाची वाट बघत होत्या, हे मला काय माहीत! पेन्सिलीला टोक काढलं, चष्मा पुसला, खुर्ची दारात आणली.

सोमवार. चहा नऊ. ओरडणे चार. मंगळवार. ओरडणे पाच, आणि पाचवा कशावर? तर "चारच झालेत, पाच कसे लिहिता!" म्हणून विचारलं, तो पाचवा! बुधवारी बूट सापडला नाही, सहा. रविवारी मी ठरवलं, आज तोंडच उघडायचं नाही. पाणी खुणेनं मागितलं. फोन उचलला नाही. हिनं विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मी मान हलवली. दिवसाखेर आकडा किती? तीन! एक टीव्हीवर, एक मांजरावर, आणि एक दुपारी झोपेत! झोपेतला धरायचा का? सासूबाई म्हणाल्या, "आवाज आला ना? मग धरायचा."

सात दिवस, आणि सगळ्यात खालचा आकडा बरोब्बर तीन. तुम्हाला सांगतो, माझा काटा एखादवेळी चुकेल, पोरीचा चुकला नाही! इतका संताप झाला... आणि आत कुठेतरी, खोटं कशाला बोलू, जरा छातीही फुगली.

तिला बोलावलं. म्हटलं, "हा तीन तू आणलास कुठून?" म्हणते, "आधी दोन आठवडे मोजलं ना, बाबा. मग सगळ्यात कमी तो घेतला. उगाच तुमच्यावर अन्याय नको." अन्याय नको! म्हटलं, "ते असू दे, पण बाईंनी वाक्यं दहा सांगितली होती, तुझी नऊच आहेत. एक मार्क गेला ना फुकट!" तर खाली बघायला लागली. म्हणाली, "दहावं लिहिलं होतं. खोडलं." म्हटलं, "काय होतं?"

"माय फादर लाफ्स ॲट लीस्ट..."

"बरं मग?"

"आकडाच बसेना. कमीत कमी म्हणजे एकही दिवस त्याच्या खाली जायला नको ना? आणि तुमचं मधूनमधून... शून्य येतं, बाबा. शून्य घालून हे वाक्य होतच नाही."

आता बोला! चहाचं खोटं म्हणू शकतो, छत्र्यांचं म्हणू शकतो... पण हे? एवढा राग आला, आणि काढायला समोर माणूसच नाही, सगळीकडे मीच! पेन उचलून तिच्या हातात दिलं. कसंबसं म्हटलं, "लिही. एक लिही. रोज एकदा. मी बघतो कसं जमवायचं ते."

काल दुकानातून आलो. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि हसलो. खरंखुरं, पोटातून, खिडकीची काच हलेपर्यंत हसलो! पोरगी बघतच राहिली. आणि दारातल्या खुर्चीवर सासूबाईंनी पेन्सिलीला थुंकी लावली, वही उघडली, आणि म्हणाल्या, "हा आजचा चौथा."

मी काही बोललो नाही. बोललो असतो, तर पाचवा झाला असता.