गॅरेजमधला काळा स्क्रीन

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, दुसऱ्या रांगेत जागा आहे.

वॉलॉंगॉंगहून ट्रेनने लोक आलेत. मेलबर्नच्या पॉइंट कुकहून सकाळच्या विमानाने दोघी आल्यात. आपण सगळे आलात, बरं वाटलं. एवढ्या लोकांसमोर मी कधी बोललेले नाही. आणि ज्या माणसाबद्दल बोलायचंय, त्याच माणसाला विचारून मी बोलत असे. आज विचारायला कोणी नाही. त्यामुळे मध्ये थांबले, तर थांबू द्या.

मी सायली. अनघाताईंच्या शनिवारच्या वर्गातली. ताई मंगळवारी गेल्या. आजाराबद्दल मी बोलणार नाही. तो त्यांनाही कंटाळवाणा वाटायचा.

माझ्या आधी एक काका म्हणाले, ताई आमच्या सगळ्यांची आई होत्या. माफ करा काका, माझ्या नव्हत्या. मला आई आहे, नाशिकला. ताईंची मुलगी एकच, ईरा. ती इथे समोर बसली आहे. आम्ही बाकीच्या विद्यार्थिनी होतो. विद्यार्थिनी असणं काही कमी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्कोफिल्ड्स उपनगरात ताईंच्या घरी गॅरेजमध्ये दर शनिवारी दुपारी वर्ग भरायचा. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर. आत दोन घडीची टेबलं, एक हीटर आणि आम्ही. आम्ही म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या बायका. पुण्यात, मुंबईत नोकऱ्या केलेल्या. इथे आल्यावर 'लोकल एक्स्पीरियन्स नाही' हे वाक्य इतक्यांदा ऐकलेल्या, की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मंगळवारपासून आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न आहे. तो कोणीही टाइप केलेला नाही. आता शनिवारी काय?

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उभी राहिले आहे. पण आधी ताई काय शिकवायच्या, ते नीट सांगू द्या.

हल्ली प्रोग्रॅम लिहायला मोठमोठी सॉफ्टवेअर्स असतात. ती शब्द पूर्ण करून देतात, चुकीखाली लाल रेघ ओढतात. ताई ती उघडूच द्यायच्या नाहीत. काळा स्क्रीन, आणि जावा भाषेच्या किटबरोबर जी छोटी अवजारं फुकट मिळतात, तेवढीच. जावासी नावाचं अवजार तुम्ही लिहिलेलं तपासून मशीनला चालेल असं करून देतं. जावा ते चालवतं. जावापी तयार फाइलच्या आत खरोखर काय आहे ते दाखवतं. जेडीबी चालता प्रोग्रॅम पावलापावलाला थांबवतं. नाव टाइप करा, एंटर मारा. बटण नाही, चित्र नाही.

"कशाला ताई एवढा छळ?" असं एकीने विचारलं होतं.

"इंटरव्ह्यूत तुला नुसता काळा स्क्रीन दिला तर काय करशील?" ताई म्हणाल्या. "नवऱ्याला फोन?"

त्या मला ताई म्हणायला लावायच्या. काकू म्हटलं तर वर्गाबाहेर. त्यांच्या नवऱ्याला, श्रीरंगकाकांना, मात्र आम्ही काकाच म्हणायचो. चहा घेऊन आले की काका दारातून विचारायचे, "ही ताई आणि मी काका? मग आमचं दोघांचं नातं काय?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "आधी चहा ठेव, मग सांगते."

पहिल्या दिवशी प्रत्येकीची एक चूक ठरलेली असायची. प्रोग्रॅम चालवताना जावाला फक्त क्लासचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या भागाचं, नाव सांगायचं असतं. आम्ही पुढे 'डॉट क्लास' लावायचो, कारण फाइलचं नाव तसं असतं. मशीन म्हणायचं, असं काही सापडत नाही. रूपाली, तू तर रडली होतीस. "ताई, मी पुण्यात टीम सांभाळली आणि मला इथे स्क्रीनवर हॅलो छापता येईना!"

ताई म्हणाल्या, "अगं, त्याने तुझं नाव विचारलंय. तू 'रूपाली डॉट पासपोर्ट' सांगतेयस. नुसतं रूपाली म्हण की. पुरेसं आहे."

रूपाली रडता रडता हसली. मग हॅलो छापलं गेलं.

माझं वेगळं होतं. मी पहिल्या दिवशी गेले ती तयारीनिशी. लॅपटॉपवर किट घरूनच टाकून आणलेलं. जावासी टाइप केलं, तर मशीन म्हणालं, अशी कमांड मी ओळखत नाही. मी किट काढून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकायला घेतलं तेव्हा ताई शेजारी येऊन बसल्या.

"मशीनवर आहे ना ते? खात्री आहे?"

"आहे. मी फोल्डर उघडून बघितलंय."

"मग परत परत कशाला टाकतेस? ते आहेच. कुठे शोधायचं ते मशीनला कोणी सांगितलेलं नाही, एवढंच." त्यांनी मला पाथ नावाची एक ओळ बदलायला लावली. ती ओळ म्हणजे मशीनने कुठे कुठे शोधायचं, त्या जागा.

मी ओळ टाइप केली. जावासी चाललं.

मग त्या सहज म्हणाल्या, "आणखी एक सर्टिफिकेट करायला घेतलंयस म्हणे. कितवं?"

किटबद्दलचं आणि सर्टिफिकेटबद्दलचं, अशी ही दोन वाक्यं त्यांनी कधी एकमेकांना जोडून दाखवली नाहीत. ती मी घरी जाताना ट्रेनमध्ये जोडली. सर्टिफिकेटचा कोर्स रद्द केला, आणि ज्या टीममध्ये माझं काम उपयोगी पडलं असतं, त्या टीमच्या प्रमुखाला सरळ ईमेल लिहिला. आज मी तिथे नोकरी करते.

ताई प्रेमळ होत्या का? आत्ता सगळे म्हणतायत, होत्या. मला वाटतं, त्या नेमक्या होत्या. तुमचं अडलंय ते नेमकं कुठे, हे शोधायला त्या स्वतःचा शनिवार द्यायच्या. त्याला प्रेम म्हणत असाल, तर माझी हरकत नाही.

हॉस्पिटलमध्ये मी भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्ग तू घे."

मी म्हटलं, "मला शिकवता येत नाही. माणसं मला घाबरतात."

"घाबरू देत. आधी चहा देत जा, म्हणजे कमी घाबरतील."

"ताई, मीच का? वर्गातली पूजा जास्त गोड बोलते."

त्या म्हणाल्या, "इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, बऱ्या व्हाल. तू एकदाही म्हणाली नाहीस. त्या मुलींना कोणीतरी खरं सांगणारं हवं."

मी म्हटलं, "बघते."

त्यांच्या वर्गात 'बघते' हे उत्तर नव्हतं. कमांड चालते, किंवा का चालली नाही ते सांगते. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. दमल्या होत्या. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

काल मी ताईंच्या घरी गेले होते. काका गॅरेजच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "गाडी आत घेऊ म्हणतो. आता काय." आणि ईरा आतून आली. "बाबा, डोन्ट पुट द कार बॅक इन. प्लीज." एवढंच. काकांनी किल्ली खिशात टाकली.

तर उत्तर. हो. वर्ग मी घेणार. येत्या शनिवारपासूनच. काका, ईरा, तुमची परवानगी मी काल घेतली, पण ताईंना सांगायचं राहिलं होतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते. मी ताईंसारखी शिकवणार नाही, मला जमणार नाही. रूपाली, तुझा इंटरव्ह्यू गुरुवारी आहे. तयारी ताई करून घेणार होत्या. उद्या संध्याकाळी माझ्याकडे ये. मी तुला 'छान होईल' म्हणणार नाही. जिथे कच्ची आहेस ते सांगेन आणि पक्कं होईपर्यंत बसेन.

शेवटचं एक. वर्गात कोणाच्या स्क्रीनवर एरर आली, की ताईंचा नियम होता. तिने ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचायची. तोवर बाकीच्यांनी गप्प बसायचं. सुचवायचं नाही, सांत्वन करायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. ती 'वाचलं' म्हणाली, की मगच आपण बोलायचं. काही जणींना खूप वेळ लागायचा. ताई थांबायच्या.

आता आपण उभे राहू या. किती मिनिटं, ते मी सांगणार नाही. काका, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. तुम्ही बसलात, की आम्ही बसू.