सोजरमायचे दात आणि आपली तूर

अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंच वैजयंतीताई, पाऊण तास मार्गदर्शन करून दमलेले प्रमुख पाहुणे दौलतराव साहेब, सत्कारमूर्ती सोजरमाय, आणि जेवणाचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या रिठदच्या मायबहिणींनो,

सोजरमायनं काम सोडल्यावर तूर वाळली की नाही, हे आपल्याला कोण सांगणार? मी घरातली पहिली पदवीधर, तीही कृषीची. मला उत्तर येत नाही.

साहेबांसाठी सांगते. पूर्वी आपण तूर विकायचो आणि डाळ पाकिटातून आणायचो. सोजरमायनं बारा बायका जमवून गावातच डाळमिल सुरू केली. आता बी घरचं, डाळ शहरात जाते, चुनी गावच्या म्हशी खातात, तुराट्या चुलीत जातात. बारा घरांत बायकांचं मत विचारलं जातं, एवढा तोटा पुरुष मंडळी सोसत आहेत.

मिलमध्ये टाकण्याआधी माय पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला दाणा काढायची आणि चावायची. कट्ट वाजला की होकार. मागच्या वर्षी मी ओलावा मोजायचं मीटर आणलं. मीटर म्हणालं, वाळली. माय म्हणाली, "राधे, अजून एक ऊन लागते." मी तिला टक्केवारी समजावली आणि तूर मिलमध्ये टाकली. मोजले होते मात्र पोत्याच्या तोंडाशी असलेले दाणे. अर्धी तूर सालासकट निघाली, अर्ध्याची कणी झाली. शहरातली पहिली मोठी मागणी हातची गेली आणि महिनाभर गावानं कणीचं वरण खाल्लं. मला कोणी रागावलं नाही. माय तेवढी म्हणाली, "मीटरले बी उन्हात टाक, वाळू दे त्याले."

यंदा तिचे उरलेले दोन दात गेले. "आता मी कायच्या कामाची राह्यली?" म्हणून ती घरी बसली. आणि आपण तिला आज काय दिलं? शाल आणि नारळ. दात नसलेल्या बाईला नारळ! खरेदी समितीत मीही होते.

परवा तिच्याजवळ बसून मी एक दाणा चावला. ती डोळे मिटून होती. म्हणाली, "कट्ट नाही, बोदा वाजला. आणखी एक ऊन." दात माझे, पण कान तिचेच.

बोलावल्याबद्दल आभार. लहान तोंडी काही मोठं आलं असेल, तर पोटात घाला. एकच विनंती, कार्यक्रमानंतर मायला घरी सोडायला जाऊ नका. तिची बाज मी आज सकाळीच उचलून तुरीच्या वाळवणाशेजारी नेऊन टाकली आहे.