ध्रुवपदाचे बटण आणि कुंदनवरचा आळ

मी वना रुपचंद सोनवणे, वय ६६ वर्षे, निवृत्त शिक्षक, राहणार अमळनेर, जि. जळगाव. ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी मुलगा प्रेमराज व नात मृणाली यांच्यासोबत राहतो. मृणाली कॉलेजात आहे. ती व तिच्या वर्गातला कुंदन, माझा जुना विद्यार्थी, कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळतात. धुळ्याच्या स्पर्धेसाठी त्यांचा संघ निवडला गेला होता.

त्याच कॉम्प्युटरवर मी शाळेत म्हणवून घेतलेल्या कविता टाइप करतो. दर कडव्यानंतर ध्रुवपद पुन्हा लिहावे लागते. वर्गात आम्ही ते कधी गाळले नाही. माझी बोटे थरथरतात, म्हणून कुंदनने मृणालीच्या माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय करून दिली. अंगठ्याजवळचे बटण दाबले की "या रे पाखरांनो, शाळा उघडली" ही ओळ आपोआप उमटते.

पुढे एका सामन्यात मृणालीला लबाड ठरवून खेळाच्या कंपनीने तिचे खाते कायमचे बंद केले. ती कुंदनला म्हणाली, "तूच काहीतरी घुसवलंस. चोर कुठला!" कुंदन मला म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा ना, मी चोर शे का? बटण कोणासाठी बसवलं?" मी चहा पीत होतो. मी म्हणालो, "माझ्या कवितेचा अन् तुमच्या गोळीबाराचा काय संबंध रे?" तो चपला घालून निघून गेला. प्रेमराजने येथे कुंदनविरुद्ध तक्रार दिली.

काल मृणाली खेळाच्या कंपनीला अर्ज लिहीत होती. तिचा अंगठा बटणावर पडला आणि अर्जात माझी ओळ उमटली. पुन्हा पडला, पुन्हा उमटली. तिने माझ्याकडे पाहिले. नंतर तिने समजावले की, सामन्यातही असेच झाले असणार. बटण दाबले की सगळ्या कळा ठरावीक अंतराने पडतात, माणसाच्या हाताने तशा पडत नाहीत. लबाडी शोधणाऱ्या प्रोग्रॅमला कवितेतले काय कळणार.

कंपनीने रात्रीच निर्णय अंतिम असल्याचे कळवले. धुळ्याची स्पर्धा होऊन गेली.

आज कुंदन बाहेर बाकावर बसलेला आहे. मी आत येताना तो उठून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. मला त्याला बस म्हणता आले नाही.

कुंदनचा काही दोष नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. शेवटचे वाक्य पुन्हा एकदा लिहावे अशी मी विनंती केली. एकदा पुरते, असे सांगण्यात आले.

समक्ष सही
वना रुपचंद सोनवणे